खुब्याचे हाड मोडण्याआधी: आईच्या हाडांची तपासणी रुग्णालयात कशी करून घ्याल?

"डेक्साचे मशीन आमच्याकडे नाही, मग तपासणी करायची कुठे?" "एक्स-रेत काही निघाले नाही, तरी सासूबाईंची पाठ का दुखते?" "साठी उलटली की हाड मोडणारच, त्यात तपासायचे काय?" चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा, मूल, सावली, गोंडपिपरी या धानपट्ट्यातून हाडांच्या ठिसूळपणाबद्दल येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात.

पहिल्या दोन प्रश्नांत गोंधळ आहे, तो दूर करता येतो. तिसरा प्रश्न घातक आहे, कारण तो विचारणारा माणूस तपासणीला जातच नाही. अंगणात पाय घसरला, उभ्याने खाली पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तर त्याचे कारण फक्त वय नसते. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून मोडलेले हाड आधीच ठिसूळ झालेले असते. हा ऑस्टिओपोरोसिस नावाचा आजार आहे. तो मोजता येतो आणि त्यावर औषध आहे. हाड मोडेपर्यंत तो दुखत नाही, एवढीच त्याची लबाडी.

म्हणून एक गोष्ट आधी ठरवून टाका. या तपासणीसाठी वेगळा दिवस, वेगळी गाडी, वेगळा खर्च यांची वाट पाहू नका. आई मोतीबिंदूसाठी, बीपीच्या गोळ्यांसाठी किंवा तापासाठी रुग्णालयात जाते, त्याच दिवशी हाडांची पहिली चाळणी होऊ शकते. मात्र गर्दीच्या ओपीडीत ती आपोआप होत नाही, मागून घ्यावी लागते.

मशीनशिवाय होणारी पहिली चाळणी

या चाळणीला वजनकाटा आणि वय एवढेच लागते. आशियातील आठ देशांतल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांच्या अभ्यासावरून २००१ मध्ये हे गणित तयार झाले. घरी करता येईल अशा रूपात ते असे:

वयातून किलोमधले वजन वजा करा.

- उत्तर २० पेक्षा जास्त आले तर धोका जास्त. डेक्सासाठी, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी, चिठ्ठी मागा.
- ५ ते २० च्या मध्ये आले तर धोका मध्यम. खाली दिलेल्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर "हो" असेल तर चिठ्ठी मागा.
- ५ पेक्षा कमी आले तर सध्या धोका कमी. दोन-तीन वर्षांनी पुन्हा वजन करा.

अडुसष्ट वर्षांच्या बाईंचे वजन ४२ किलो असेल तर उत्तर २६ येते, म्हणजे धोका जास्त. साठ वर्षे आणि ५० किलो असेल तर १०, म्हणजे मध्यम. रोवणी-कापणीत आयुष्य गेलेल्या आपल्याकडच्या सडपातळ बायांचा आकडा फार लवकर वीसच्या पुढे जातो. घरात सगळे म्हणतात, "तिला काही झालेले नाही, अंगात चरबीच नाही." हाडांच्या बाबतीत मात्र कमी वजन हाच मोठा धोका आहे.

अडचण येते ती वयाची. आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख असलेल्या आपल्याकडे कितीतरी आज्या आहेत, आणि ते वर्ष बहुतेक वेळा अंदाजाने टाकलेले असते. पाच-सात वर्षांच्या फरकाने या गणितात बाई एका गटातून दुसऱ्या गटात जाते. तेव्हा थोरल्या मुलाचे वय, लग्नानंतर किती वर्षांनी तो झाला, लग्नात त्या साधारण किती वर्षांच्या होत्या, अशी बेरीज करून खरे वय काढा. डॉक्टरांनाही तेच सांगा. कार्डावरचे वय योजनेच्या कागदांसाठी असू द्या.

हे गणित निदान नव्हे. पुढची तपासणी आधी कोणाची करायची, एवढेच ते सांगते. डॉक्टर मोबाइलवर 'फ्रॅक्स' नावाचे गणकही वापरू शकतात. त्यात भारताचा पर्याय आहे आणि डेक्साचा आकडा नसला तरी ते पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढून देते. "फ्रॅक्स काढून द्याल का?" हे विचारायला संकोचू नका.

कोणत्याही कारणाने रुग्णालयात गेलात तरी सांगायच्या गोष्टी

डॉक्टरांसमोर दोन मिनिटे मिळतात, तेव्हा ही उत्तरे घरूनच कागदावर लिहून न्या.

- पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट, खांदा, खुबा किंवा पाठीचा मणका मोडला होता का? हाडवैद्याकडे बांधून घेतलेले मनगटही यात धरा. केस पेपर नाही म्हणून ते सांगायचे राहून जाते.
- आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का?
- पाळी ४५ च्या आधी गेली का? गर्भाशयाची पिशवी काढली असेल तर किती वर्षांच्या असताना, आणि अंडाशय ठेवले की तेही काढले? अंडाशय काढले की शरीरातले इस्ट्रोजेन एकदम घटते आणि हाडांची झीज लगेच वाढते. जुने डिस्चार्ज कार्ड घरात असेल तर ते शोधा. ते सापडले तर दहा तोंडी उत्तरांपेक्षा जास्त कामाचे ठरेल.
- दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या का?
- फिट्सच्या, थायरॉइडच्या, स्तनाच्या कर्करोगानंतरच्या किंवा वर्षानुवर्षे चालू असलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या आहेत का? गोळ्यांची पाकिटेच सोबत न्या.
- मधुमेह आहे का? त्यात डेक्साचा आकडा बरा दिसला तरी हाड मोडू शकते.
- खर्रा, नस, तंबाखू?
- गेल्या वर्षभरात किती वेळा पडल्या? "पडले, पण लागले नाही" हेही पडणेच.

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक. आशाताई घरी येऊन तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हेही विचारलेले असते. तिथे खरे उत्तर द्या. लाजेने "नाही" लिहून घेतले तर पुढचा रस्ता तिथेच बंद होतो.

आता उंची. तरुणपणीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त उंची घटली असेल तर मणका दबलेला असण्याची शक्यता असते. तरुणपणीची उंची कुणालाच ठाऊक नसते, त्यावर एक तोड आहे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजा. हे अंतर मूळ उंचीच्या बरेच जवळ असते. आजची उंची त्याहून चार-पाच सेंटिमीटरने कमी भरली तर डॉक्टरांना दाखवा. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभ्या राहिल्यावर डोके भिंतीला टेकत नसेल, तर तेही सांगा. लुगडे पूर्वीपेक्षा जमिनीला लागू लागले, ही तक्रार आपण हसण्यावारी नेतो. डॉक्टरांच्या कानावर ती घालावी.

हाड मोडून भरती झाल्यावर

रुग्णालयातली सगळ्यात मोठी संधी वाया जाते ती इथे. खुबा मोडला, चंद्रपूरला किंवा नागपूरला नेले, रॉड टाकला किंवा गोळा बदलला, टाके काढले, घरी आणले. हाड जोडले गेले, पण ते मोडले का, हे कुणी विचारले नाही. एकदा ठिसूळपणामुळे हाड मोडले की दुसरे मोडण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, आणि हा धोका पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो.

म्हणून क्रमाने पाहू.

पडल्यावर पाय आखूड झालेला, बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल आणि उभे राहता येत नसेल, तर चोळू नका, ओढू नका. हाडवैद्याकडे नेण्यात दिवस घालवू नका. १०८ ला फोन करा. काही वेळा हाड मोडून एकमेकांत रुतते आणि बाई लंगडत चालतेही. फक्त जांघेत दुखते. पहिला एक्स-रे साधा आला, तरी दुखणे हटत नसेल तर पुन्हा एक्स-रे किंवा पुढची तपासणी मागा.

खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, असे जगभर मानले जाते. दिवस लांबले की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. "वय झाले, आता कशाला ऑपरेशन, खाटेवर राहू दे" हा निर्णय दयेपोटी घेतला जातो. प्रत्यक्षात खाटेवर पडून राहणेच जास्त धोक्याचे असते. भूल देण्यासाठी प्रकृती खरोखरच योग्य नसेल तर ते डॉक्टर सांगतील. नातेवाइकांनी परस्पर ठरवू नये.

डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या डॉक्टरांना हे विचारा:

1. हे हाड ठिसूळपणामुळे मोडले का? तसे असेल तर डिस्चार्ज कार्डावर लिहून द्याल का?
2. हाडे घट्ट करणारे औषध कधी सुरू करायचे, आणि कोण करणार?
3. रक्तातले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन तपासले का?
4. पाठीच्या मणक्याचा बाजूने एक्स-रे काढायचा का?
5. पुन्हा पडू नये म्हणून कोणता व्यायाम, कोणती काठी, कोणती गोळी कमी करायची?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कार्डावर नुसते "खुब्याचे फ्रॅक्चर" लिहिलेले असेल, तर पोंभुर्ण्याला परतल्यावर पुढचे डॉक्टर ते फ्रॅक्चर म्हणूनच पाहतील. त्यात "ऑस्टिओपोरोसिस" हा शब्द आला की औषध चालू ठेवण्याला आधार मिळतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर उपचार सुरू करायला डेक्सा लागतेच असे नाही. आजाराचा पुरावा समोर आहे. डेक्सा पुढे तुलनेसाठी उपयोगी पडते. पण मशीन शंभर-दोनशे किलोमीटर दूर आहे म्हणून औषध थांबवणे चूक. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचे वर्षातून एकदा द्यायचे सलाइन दिले, तर नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले.

अनेक देशांतल्या रुग्णालयांत यासाठी एक नर्स नेमलेली असते. हाड मोडून आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाची यादी ती ठेवते आणि तपासणी-औषध पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करते. ग्लासगोमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रुजली. आपल्याकडे अशी नर्स मिळेपर्यंत ते काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यावे लागते. सून, मुलगी, नातू, कोणीही चालेल. पण माणूस एकच हवा, म्हणजे तारखा चुकत नाहीत.

पाठ दुखते, एक्स-रे "नॉर्मल" आहे

मोडलेल्या मणक्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कधी ओळखलेच जात नाहीत. बाई म्हणते, "कमरेत चमक भरली," तेल चोळले जाते, आठ-पंधरा दिवसांत दुखणे उतरते आणि पाठ थोडी वाकते. साध्या एक्स-रेत हाडांचा विरळपणा दिसायला सुमारे तीस टक्के झीज व्हावी लागते. म्हणून "नॉर्मल" याचा अर्थ हाडे भक्कम आहेत असा नाही. मणका दबला आहे का, हे पाहायचे असेल तर एक्स-रे बाजूने काढलेला हवा. समोरून काढलेल्या फिल्मवर ते सहज निसटते. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ कोणत्या दिवशी असतात, हे आधी विचारूनच निघा.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. वयस्क बाईची प्रत्येक पाठदुखी ठिसूळपणाची नसते. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासावा लागतो. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, आधी कधी कर्करोग झालेला असणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा. घरात सिकलसेलचा आजार असेल आणि खुबा दुखत असेल, तर तेही आवर्जून सांगा. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. गडचिरोलीजवळ चातगावच्या शोधग्राममध्ये 'सर्च'च्या मां दंतेश्वरी रुग्णालयात मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनच्या डॉक्टरांसोबत मणक्याच्या आजारांची शिबिरे होत आली आहेत. पुढची तारीख फोनवर विचारून मगच जा.

डेक्सा: चिठ्ठी मिळाली, आता पुढे?

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारा अगदी सौम्य एक्स-रे. टेबलावर दहा-पंधरा मिनिटे झोपायचे, सुई नाही, उपाशी राहायचे नाही. चिठ्ठी घेऊन थेट गाडीत बसू नका. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, यांपैकी कुठे मशीन चालू आहे, कोणत्या वारी तपासणी होते आणि शुल्क किती, हे आधी विचारा. खासगी केंद्रात जाणार असाल तर "पूर्ण डेक्सा, खुबा आणि कंबर दोन्ही" असे स्पष्ट सांगून दर विचारा.

जायचे दिवसही निवडा. धानाची कापणी आणि चुरणे आटोपले आहे आणि मोहफुले पडायला अजून अवकाश आहे, असे डिसेंबर ते फेब्रुवारीचे दिवस बरे. तेंदूपत्त्याच्या हंगामात, चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात सत्तरीच्या बाईला घेऊन फिरणे हाच एक आजार होईल. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवा.

अहवालात "टी-स्कोर" शोधा.

- उणे १ किंवा त्यापेक्षा वर: घनता ठीक.
- उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये: घनता कमी. औषध द्यायचे की नाही, हे बाकीच्या धोक्यांवर ठरते.
- उणे २.५ किंवा त्याखाली: ऑस्टिओपोरोसिस.

खुबा आणि कंबर यांत जो आकडा खालचा, तो धरायचा. पण आपल्या जिल्ह्यात एक फसगत होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्याने मणका दाट दिसू शकतो. तरी ते हाड मजबूत नसते. म्हातारपणी मणक्याला आलेल्या काट्यांमुळेही कमरेचा आकडा खोटा चांगला येतो. गावात दात पिवळे-तपकिरी डागाळलेले दिसत असतील, बोअरच्या पाण्याबद्दल तक्रार असेल, तर ते डॉक्टरांना सांगा आणि खुब्याच्या आकड्याकडे जास्त लक्ष द्यायला सांगा.

दुसऱ्यांदा डेक्सा करायची वेळ येईल तेव्हा शक्यतो त्याच मशीनवर करा. दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

शिबिरातले "टाचेचे मशीन"

आठवडी बाजारात, मेडिकल दुकानासमोर किंवा सभागृहात "मोफत हाडांची तपासणी" असते. टाच एका यंत्रात ठेवतात, दोन मिनिटांत कागद हाती येतो. ही अल्ट्रासाउंडची तपासणी आहे. तिच्यावरून ऑस्टिओपोरोसिसचे निदान करता येत नाही. कागदावर आकडा वाईट आला तर तो डॉक्टरांना दाखवण्याचे कारण समजा. त्याच टेबलावर विकल्या जाणाऱ्या डब्याचे नव्हे. आकडा चांगला आला आणि वय-वजनाचे गणित वीसच्या वर असेल, तर गणितावर विश्वास ठेवा.

औषध निवडताना अंतर मोजा

औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. पण तुम्ही कुठे राहता आणि वर्षातून किती वेळा रुग्णालयात येऊ शकता, हे त्यांना तुम्हीच सांगायला हवे. शहरातल्या डॉक्टरांना पावसाळ्यात तुमच्या गावाचा रस्ता कसा होतो, हे माहीत नसते.

*आठवड्याची गोळी, ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम.* स्वस्त आहे, पण घ्यायची रीत कडक. सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास बसून किंवा उभे राहायचे, आडवे व्हायचे नाही. त्या अर्ध्या तासात चहा नाही, दुसरी गोळी नाही, खर्रा तर नाहीच. वाकून सडा-सारवण किंवा चूलही थोडी थांबू द्या. गिळताना त्रास होत असेल किंवा अन्ननलिकेचा आजार असेल तर ही गोळी नको.

*वर्षाचे सलाइन, झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम.* दूरच्या गावातल्या बाईसाठी हे मला सर्वांत सोयीचे वाटते. वर्षातून एक फेरी, बाकी काही लक्षात ठेवायचे नाही. मूत्रपिंडाची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे आधी व्हायला हवे. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. त्याने घाबरून पुढचे वर्ष सोडू नका.

*सहा महिन्यांचे इंजेक्शन, डेनोसुमॅब.* औषध चांगले आहे. पण ते मधेच थांबवले तर झीज वेगाने परतते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके मोडू शकतात. दर सहा महिन्यांनी न चुकता पैसे आणि फेरी जमणार नसेल तर सुरू करण्याआधीच तसे सांगा. आधीच घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

यांपैकी कोणतेही औषध सुरू करण्याआधी हलणारे, किडलेले दात काढायचे असतील तर ते उरकून घ्या.

खाणे, ऊन आणि भलतेच उपाय

पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. भात आणि लाखोळीच्या डाळीतून एवढे मिळत नाही. पेलाभर दूध किंवा दह्यातून सुमारे अडीचशे आणि दोन मोठे चमचे तिळांतून दोनशेच्या आसपास मिळते. शेवग्याचा पाला आहेच, आणि तलावातली बारीक मासोळी काट्यासकट खाल्ली तर तीही. उरलेले गोळीतून, जेवणासोबत.

शेतात जाणाऱ्या बाईला ऊन मिळते. खरी अडचण होते ती घरात बसू लागल्यावर. थंडीत दुपारी, उन्हाळ्यात सकाळी, हातापायावर थोडे ऊन घेऊ द्या.

आता टाळायच्या गोष्टी.

खर्र्यातला किंवा पानातला चुना हाडांना पोसतो, हा समज सोडा. त्याने तोंडाची आतली कातडी भाजते आणि सुपारी-तंबाखूसोबत कर्करोगाचा रस्ता मोकळा होतो. तंबाखू तर हाडांनाही मारक आहे.

सांधेदुखीवर "एका दिवसात आराम" देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या आणि इंजेक्शने घेऊ नका. त्यांत अनेकदा स्टिरॉइड असते. दुखणे जादूने जाते आणि हाडे आतून पोखरली जातात. बरीच वर्षे घेत असाल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना पुडी दाखवून हळूहळू कमी करा.

ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस स्वतःच्या मनाने घेऊ नका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले. साठ हजारांची पुडी आठवड्याची की महिन्याची, आणि किती आठवडे, हे लिहून घ्या.

मणका दबलेला असेल तर कमरेतून वाकून रोवणी, डोक्यावर मोळी, भरलेली घागर उचलणे बंद. मोहफुले वेचायचीच असतील तर बसून वेचावीत. रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर दिवा ठेवा. बकरीचे दावे आणि ओले गोणपाट तिथून काढा.

पैसे आणि हक्क

- सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचा विभाग वेगळा, तिथले शुल्क विचारून घ्या.
- महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी संलग्न रुग्णालयात पोचताच आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. चौकशीसाठी १५५३८८.
- सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. हाड मोडण्याची वाट न पाहता ते आजच काढून ठेवा.
- या योजना मुख्यतः भरती होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहेत. बाहेर केलेल्या डेक्साचा खर्च मिळेल असे गृहीत धरू नका.
- २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आणि शक्यतो खाट, ही तरतूद आहे.
- उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हव्यात. एक्स-रेची फिल्म आणि डेक्साचा अहवाल घरी एकाच पिशवीत ठेवा.

गावाने मागायच्या गोष्टी

ग्रामीण रुग्णालयात डेक्सा मशीन मागणारे निवेदन वर्षानुवर्षे फिरत राहील. त्याआधी स्वस्त गोष्टी मागा. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे अर्ज करा: ओपीडीत चालू वजनकाटा आणि उंचीची पट्टी, साठीपुढच्या प्रत्येक बाईच्या केस पेपरवर वय, वजन आणि वजाबाकीचा आकडा, पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडून आलेल्यांची एक नोंदवही, त्यात औषध सुरू झाले की नाही याचा रकाना, आणि आकडा वीसच्या वर गेलेल्यांना एकाच दिवशी डेक्सासाठी नेता येईल अशी महिन्यातली एक ठरलेली तारीख. पहिल्या तीन गोष्टींना निधी जवळपास लागतच नाही. अर्जाच्या दोन प्रती काढा, आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन एक स्वतःकडे ठेवा, आणि समितीची पुढची बैठक कधी आहे ते तिथेच विचारून या.